शंकेला आधी वहीत उतरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना सरत आला की गोव्यात दोन गोष्टी हमखास दिसतात. बाजारात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी करायच्या साठवणीच्या खरेदीची लगबग, आणि छोट्या धंदेवाल्यांच्या तोंडी ‘आता हे चालवायचे की गुंडाळायचे?’ हा प्रश्न. किनाऱ्यावरचे शॅक उतरवले जातात, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, पर्यटक ओसरतात, गल्ला रिकामा दिसू लागतो. नेमक्या याच दिवसांत ‘सकारात्मक विचारांतून यश’ छापाच्या कार्यशाळांचे फलक लागतात. टाळ्या वाजतात, सगळ्यांकडून ‘मी करू शकतो’ म्हणवून घेतले जाते. चार दिवस अंगात वारे असते. पाचव्या दिवशी बँकेचा हप्ता येतो आणि माणूस पूर्वीपेक्षा खाली बसतो, कारण आता त्याला वाटते की सकारात्मक राहणेसुद्धा आपल्याला जमले नाही.

आमच्यापैकी एक जण लहान उद्योगांचे हिशेब आणि कर्जाच्या फायली पाहतो, दुसरी समुपदेशन करते. एकाच माणसाची एक बाजू इकडे येते, दुसरी तिकडे जाते. म्हणून हे पत्र दोघांनी मिळून लिहिले आहे. लांबले आहे, पण विषय चार ओळींत मावणारा नाही.

आमचे म्हणणे एवढेच की धंद्यातली ‘मला जमणार नाही’ ही शंका बहुतेक वेळा कुठल्यातरी न मांडलेल्या हिशेबापाशी अडकलेली असते. तो मांडला की तिचा बराच जोर उतरतो. उरलेला सरावाने जातो. घोषणेने मात्र जात नाही, उलट काहींच्या बाबतीत वाढतो. हे आमच्या पदरचे नव्हे. कॅनडातील वॉटरलू विद्यापीठाच्या जोआन वूड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, स्वतःबद्दल आधीच कमी मत असलेल्यांनी ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असे वाक्य मनाशी घोकल्यावर त्यांना अधिकच वाईट वाटले. ज्यांना त्याची गरज नव्हती त्यांनाच थोडे बरे वाटले. कारण उघड आहे. न पटणारे वाक्य मोठ्याने म्हटले की मन लगेच त्याच्या विरुद्धचे दाखले काढून समोर ठेवते.

मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन यांचे काम याहून उपयोगी. वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांवरच्या त्यांच्या १९९१ च्या अभ्यासात, ज्यांना आपल्याला जमेल अशी अपेक्षा होती त्यांचे वजन जास्त उतरले, आणि ज्या बारीक झाल्याची गोड चित्रे रंगवत बसल्या त्यांचे कमी. अपेक्षा मागच्या अनुभवावर उभी असते, गोड चित्राला अनुभव लागतच नाही. चित्र पाहूनच मन तृप्त होते आणि हात ढिले पडतात. सकारात्मक वृत्ती हवीच, पण ती पहिल्या जातीची. ती कशी तयार होते ते सांगायचा हा खटाटोप.

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या नेवऱ्यांचे (करंज्यांचे) उदाहरण घेऊ. घरून नेवऱ्या, चकल्या, लाडू करून विकणाऱ्या बायका गावागावात आहेत, आणि ‘मला धंद्यातले काही कळत नाही’ हे वाक्य सर्वांत जास्त त्यांच्याच तोंडून ऐकू येते. शंभर नगांचा हिशेब मांडून बघा. पारीचा रवा-मैदा, सारणाचे खोबरे, साखर, तीळ, वेलची आणि तळणात मुरणारे तेल मिळून समजा ७०० रुपये. गॅस ८०. डबे, लेबल, पिशव्या १००. इथपर्यंत सगळ्याजणी लिहितात. पुढच्या दोन ओळी वहीत सहसा नसतात. एक फुटलेल्या नगांची. सारण ओलसर राहिले किंवा काठ नीट दाबला गेला नाही, की तळताना नेवरी तोंड उघडते, सारण तेलात उतरून करपते आणि पुढचा घाणा काळपट निघतो. शंभरात सहा नग विकण्याजोगे राहत नाहीत असे धरावे. दुसरी ओळ आपल्या वेळेची. सारण भाजण्यापासून गार झालेला माल डब्यात भरेपर्यंत सहा तास सहज जातात. तासाला १०० रुपये धरले तर ६०० झाले. एकूण खर्च १,४८०, विकायला नग ९४. म्हणजे एक नेवरी पावणेसोळा रुपयांना पडली.

ती विकली जाते बारा रुपयांना. ९४ नगांचे १,१२८ रुपये आले, रोख खर्च ८८० गेला, उरले २४८. सहा तासांचे २४८, म्हणजे तासाला ४१ रुपये. पाठ मोडून येते, हातात काही दिसत नाही आणि मन निवाडा देऊन टाकते की मला धंदा जमत नाही. खरे तर माल उत्तम, गिऱ्हाईक आहे, चुकला तो भाव. तेच नग अठराला विकले तर १,६९२ येतात आणि मजुरीसकट सगळा खर्च भागून २१२ रुपये वर राहतात.

मग अठरा का लावले जात नाहीत? एका वाक्याच्या भीतीपोटी. ‘वहिनी, गेल्या वर्षी बाराला दिल्या होत्या मगे!’ हे वाक्य येणारच आहे, तेव्हा उत्तर आधी तयार ठेवावे. ‘होय, यंदा अठराला आहेत. अर्धा डझन बांधू?’ एवढे बोलून गप्प राहावे. बहुतेकींची गाडी इथेच घसरते. समोरचा काही बोलायच्या आत ‘नाही म्हणजे, तुम्हाला पंधराला देते’ असे तोंडातून निघून जाते. कोणी मागितलेली नसताना दिलेली सवलत हा आत्मविश्वासाच्या कमतरतेचा सर्वांत महागडा प्रकार आहे. जुन्या गिऱ्हाइकापुढे जीभ अडखळत असेल तर नवा भाव आधी दहा अनोळखी लोकांना सांगावा आणि किती जण परत गेले ते वहीत लिहावे. बाराच्या भावात एका नगामागे रोख सुटतात सुमारे २ रुपये ६४ पैसे, अठराच्या भावात ८ रुपये ६४ पैसे. दहापैकी तिघे निघून गेले तरी सुटणारी रक्कम दुपटीहून जास्त होते. सात गेले तरी जवळजवळ पूर्वीइतकेच हातात पडते, आणि तळण तिसऱ्या हिश्श्यावर येते. हा आकडा एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर भाव सांगताना आवाज आपोआप बदलतो. त्यासाठी आरशासमोर उभे राहावे लागत नाही.

नातेवाइकांची स्तुती या हिशेबात धरू नये. मावशीने ‘मस्त झाल्यात गो’ म्हटले तर ते प्रेम आहे, बाजार नव्हे. ज्याला आपले नावही ठाऊक नाही त्याने पैसे मोजून दुसऱ्यांदा मागितले तर तो पुरावा.

काही शंका मात्र बेरीज-वजाबाकीत सापडत नाहीत, त्या घटनेला चिकटून येतात. तिथे १९६० च्या दशकात मनोविकारतज्ज्ञ अॅरन बेक यांनी रुळवलेल्या बोधात्मक (विचार तपासून बदलण्याच्या) उपचारपद्धतीतला विचारांचा तक्ता कामी येतो. साधी शंभर पानी वही घ्या, पान आडवे धरून सहा रकाने पाडा. काय घडले, मनात कोणते वाक्य आले, ते किती टक्के खरे वाटते, त्याच्या बाजूचा पुरावा, विरुद्धचा पुरावा, आणि शेवटी पटेल असे मधले वाक्य. घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देणारे पेडण्यातले एखादे कुटुंब धरा. सकाळी मोबाइलवर दोन तारे देऊन गेलेल्या पाहुण्याचा शेरा दिसतो. मनातले वाक्य: ‘हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे.’ खरे वाटते ८५ टक्के. बाजूचा पुरावा लिहायला बसले की दोन वाईट शेरे आणखी सापडतात. विरुद्ध बाजूला वीस चांगले शेरे आणि दुसऱ्यांदा आलेले एक कुटुंब. आता ते तिन्ही वाईट शेरे शब्दन् शब्द उतरवून काढा. एकात ‘गरम पाणी नव्हते’, दुसऱ्यात ‘अंघोळीला पाणी कोमट’, तिसऱ्यात ‘बाथरूमची सोय बरोबर नाही’. मधले वाक्य आपोआप तयार होते: ‘पाहुणचार जमतो आहे, गिझर जुना झाला आहे.’ आता पहिले वाक्य किती खरे वाटते? समजा ३५ टक्के. शून्यावर यायची वाट पाहू नये, ३५ टक्के शंका घेऊन गिझरच्या दुकानात जाता येते.

या तक्त्यात चुका ठरलेल्या आहेत. लोक घटनेच्या रकान्यातच निवाडा लिहितात. ‘पाहुण्याने अपमान केला’ ही घटना नव्हे, ‘दोन तारे दिले आणि एक ओळ लिहिली’ ही घटना. दुसरी चूक, मधले वाक्य फार गोड करणे. ‘आमचे घर गोव्यातले सर्वोत्तम आहे’ हे स्वतःलाच वीस टक्के पटत असेल तर ते खोडून सौम्य करा. सत्तर टक्क्यांच्या वर पटेल तेच वाक्य ठेवा. आणि तिसरी, तक्ता मनातल्या मनात भरणे. डोक्यात तो कधीच पूर्ण होत नाही, तिसऱ्या रकान्यावरून पुन्हा पहिल्यावर येतो. लिहायलाच हवे, आणि रात्री अंथरुणात पडून नव्हे. दुकान बंद करताना दहा मिनिटे पुरतात.

आता पावसाळ्याकडे. आमच्याकडे धंदा बंद करण्याचे निर्णय जुलै-ऑगस्टमध्ये घेतले जातात आणि नवा गाळा भाड्याने घेण्याचे डिसेंबरमध्ये. दोन्ही वेळा चुकीच्या. जुलैच्या विक्रीची तुलना डिसेंबरशी करणाऱ्याला स्वतःवर शंका येणारच, कोणालाही येईल. जुलै ताडायचा तो गेल्या जुलैशी. एका पानावर बारा महिने उभे लिहा, शेजारी गेल्या वर्षीचे आणि यंदाचे आकडे. गेल्या जुलैत ४० हजार आणि यंदा ४४ हजार असतील तर धंदा वाढतो आहे, मन काहीही सांगो. तोच आकडा सलग तीन महिने गेल्या वर्षीपेक्षा खाली असेल तर ती मनाची कुरकुर नाही, बाजाराचा निरोप आहे. तो ऐकावा.

पावसाची तरतूद हंगामातच व्हावी लागते. भाडे, वीज, पगार, हप्ता असा न टळणारा खर्च महिन्याला १८ हजार असेल, तर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचे ७२ हजार झाले. नोव्हेंबर ते एप्रिल या सहा महिन्यांत विभागले तर महिन्याला १२ हजार, दिवसाला ४००. रोज रात्री हे ४०० वेगळ्या खात्यात टाकायचे, गल्ला मोजायच्या आधी. नंतर टाकू म्हटले की राहून जाते. खात्यात चार महिन्यांचा खर्च पडून असलेल्या माणसाला आषाढात फारशा शंका येत नाहीत, आल्या तरी त्या कामाच्या असतात.

बँकेने कर्ज नाकारले की बहुतेक जण ‘आमची ओळख नाही ना’ म्हणून घरी परततात. वशिल्याचे काय व्हायचे ते होवो, पण नकाराचे कारण विचारून, जमल्यास लेखी घेऊन, मगच उठावे. कोणता कागद कमी पडला आणि तो दिल्यावर फाइल पुन्हा घेणार का, हेही तिथेच विचारावे. पुष्कळदा अडचण अगदी किरकोळ असते. यंत्राचे कोटेशन जुने, उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी नाही (ती संकेतस्थळावर फुकट होते, एजंटाला पैसे देऊ नका), किंवा कधीतरी घेतलेल्या क्रेडिट कार्डाचे काही शे रुपये थकलेले. पतगुणांक (क्रेडिट स्कोअर) ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. अर्ज करण्याआधी तो बघून चुका दुरुस्त करून घ्याव्यात. रक्कमही बेताची मागावी. मुद्रा योजनेत शिशु गट ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत आणि तरुण १० लाखांपर्यंत आहे, आणि तारण लागत नाही. पहिल्या झटक्यात दहा लाख मागून नकार घेण्यापेक्षा ५० हजारांचे नियमित फेडलेले कर्ज पुढच्या अर्जाला जास्त बळ देते. मनालाही देते.

थकलेले पैसे मागणे हे आणखी एक दुखणे. हॉटेलांच्या चादरी धुऊन देणारा, वायरिंग करणारा, वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करणारा माणूस काम चोख करतो आणि बिल मागताना असा वाकतो जणू उसने मागायला आला आहे. कायदा त्याच्या बाजूने आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार, उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला किंवा सेवा देणाऱ्याला लेखी करार असेल तर त्यातल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र हे संरक्षण मिळत नाही, म्हणून भाजी किंवा मासळी पुरवणाऱ्याने उधारीची मर्यादा स्वतःच आखून घ्यावी. मागणीचा निरोप चार ओळींचा असावा: बिलाचा क्रमांक, तारीख, रक्कम, आणि ‘शुक्रवारी सकाळी अकराला माणूस पाठवतो.’ त्यात ‘सवडीने द्या’, ‘राग मानू नका’ असले काही घालू नये. निरोप पाठवायची वेळही ठरवून टाकावी. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांच्या कामानुसार ‘अमुक घडले तर मी तमुक करीन’ असे आधी ठरवलेले काम नुसत्या इराद्यापेक्षा पुष्कळ अधिक वेळा तडीस जाते. ‘बिलाला पंधरा दिवस झाले, तर सोळाव्या दिवशी चहा घेतल्यावर निरोप पाठवीन.’ असे ठरले की धैर्य गोळा करत बसावे लागत नाही.

धैर्य येते कुठून, याचे उत्तर मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये दिले. ‘मला हे जमेल’ हा विश्वास त्यांच्या मते चार वाटांनी येतो. स्वतः करून पाहणे, आपल्यासारख्या माणसाला करताना पाहणे, कोणीतरी सांगणे, आणि शरीराची त्या वेळची अवस्था. यातली सर्वांत भक्कम वाट पहिली आणि घोषणांची तिसरी कमजोर. आपल्या कार्यशाळा मात्र जवळजवळ पूर्णपणे तिसऱ्यावर चालतात! पहिली वाट चालायची तर पाऊल इतके लहान हवे की ते फसले तरी घर हलू नये. खाजे, लोणची, आमसुले विकायची आहेत ना, मग गाळा घेण्याआधी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा गावच्या जत्रेत एक टेबल मांडा. तीन वाणांपेक्षा जास्त माल नको. काय संपले, काय परत आले आणि लोकांनी काय मागितले पण आपल्याकडे नव्हते, एवढे लिहून आणा. हा तिसरा रकाना पुढच्या खेपेची दिशा सांगतो. अन्नपदार्थ असतील तर अन्नसुरक्षा नोंदणी आधी करून घ्या. ती नसली की टेबलामागे उभे राहतानाही धाकधूक असते, आणि ती रास्त असते.

दुसऱ्या वाटेत ‘आपल्यासारखा’ हा शब्द महत्त्वाचा. अब्जाधीशांच्या कथा ऐकून फोंड्याच्या शिवणकाम करणाऱ्या मुलीला आपण आणखी लहान वाटतो. शेजारच्या गावात पाच वर्षे ब्लाउज शिवून घर चालवणारी बाई तिला एक दुपार दाखवावी. ती कापड कसे मोजते, आगाऊ रक्कम कशी घेते, ‘चवथीच्या आधी देऊ शकणार नाही’ हे किती सहज सांगते, ते पाहण्यात जे आहे ते व्याख्यानात नाही. चौथी वाट शरीराची. मॅनेजरच्या खोलीबाहेर छाती धडधडते तेव्हा मन तिचा अर्थ ‘मला येत नाही’ असा लावते. श्वास चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, असे पाच मिनिटे केले की धडधड उतरते. रिकाम्या पोटी, तिसऱ्या चहावर आणि चार तासांच्या झोपेवर कोणताही निर्णय घेऊ नये, हेही याच खात्यात.

लाजेचे मात्र वेगळे आहे, तिला आकडे लागू पडत नाहीत. आपल्याकडे सरकारी नोकरी लागली नाही म्हणून धंदा, असे गृहीतच धरलेले असते. पदवीधर मुलगा गाडा लावतो तेव्हा त्याला ऑम्लेट जमेल का ही शंका नसते, ओळखीचे कोणी येईल ही असते. ‘लोक काय म्हणतील’ यातल्या लोकांची नावे कागदावर लिहा म्हटले तर पाच-सहांवर यादी जात नाही. त्यातले किती जण आपला हप्ता भरणार आहेत, हे पुढे लिहावे. यादीतल्या एकाला, जो सर्वांत बरा वाटतो त्याला, स्वतःहून जाऊन सांगावे. लपवायचे काही उरले नाही की लाजेला धरायला जागा राहत नाही. घरच्यांनी इथे एक पथ्य पाळावे. ‘टेन्शन घेऊ नको, सगळे होईल’ म्हणण्यापेक्षा ‘आज किती झाले, उद्या कांदा मी आणू का?’ विचारावे.

ज्यांचे उत्तम चालले आहे त्यांनाही शंका सोडत नाही. मानसशास्त्रज्ञ पॉलिन क्लान्स आणि सुझान इम्स यांनी १९७८ मध्ये कर्तबगार स्त्रियांत हेच नोंदवले होते: यश नशिबाचे, आणि एक दिवस आपले पितळ उघडे पडणार. स्वयंसाहाय्य गटांच्या बैठकीत ‘देवाची कृपा’ हे शब्द फार येतात. कृपा असेलही, पण पहाटे चारला उठून पीठ कोणी मळले तेही शेजारी लिहावे.

आता दुसरी बाजू, कारण आमच्यापैकी हिशेबवाल्याचा त्यावर फार भर आहे. शंका अजिबात नसलेल्या माणसाने केलेले नुकसान शंकेखोराच्या नुकसानापेक्षा मोठे असते. दागिने गहाण ठेवून एकदम आठ भाड्याच्या स्कूटर घेणाऱ्याला ‘नकारात्मक बोलू नका’ हे वाक्य फार आवडते. संशोधक सरस सरस्वती यांनी अनुभवी उद्योजकांच्या निर्णयपद्धतीवर २००१ मध्ये मांडणी केली. असे उद्योजक किती मिळेल यापेक्षा किती गेले तर सोसेल हे आधी ठरवतात, असे त्यात आहे. तो आकडा घरात सर्वांसमक्ष लिहून ठेवावा आणि तिथे पोचल्यावर थांबावे. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी २००७ मध्ये मांडलेली युक्तीही सोपी आहे. धंदा सुरू करण्याआधी सगळे बसा आणि असे धरा की वर्ष उलटले, धंदा बुडाला आहे. का बुडाला, ते प्रत्येकाने वेगवेगळे लिहायचे. भाड्याच्या स्कूटरच्या बाबतीत कागदावर काय येईल ते सांगता येते: चार महिने पाऊस, अपघातानंतर विम्याचा वाद, तीच सेवा देणारे गल्लीत आणखी सहा जण. यातल्या ज्यांना उपाय सापडतो तो करावा, ज्यांना सापडत नाही त्यांच्या प्रमाणात स्कूटर कमी कराव्यात. आठाच्या तीन झाल्या तर तो नकारात्मक विचार नव्हे.

एक इशारा द्यायलाच हवा. २०१२ च्या सप्टेंबरात आणि पुन्हा २०१८ च्या मार्चमध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या तेव्हा डिचोली, सत्तरी, सांग्यात ट्रकमालकांपासून गॅरेज आणि चहाच्या टपरीपर्यंत सगळ्यांचे उत्पन्न एकदम तुटले. तिथे मनोवृत्तीचा काही दोष नव्हता, आणि अशा माणसाला ‘सकारात्मक राहा’ म्हणणे ही क्रूर थट्टा होते. त्याला हप्त्यांची पुनर्बांधणी, थकबाकीची यादी आणि दुसऱ्या कामाची माहिती लागते. तसेच, दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटणे, झोप किंवा भूक उडणे, आवडीच्या कामातही मन न लागणे, आपण नसलेलेच बरे असे विचार येणे, ही शंका नव्हे, आजाराची लक्षणे आहेत. वही बाजूला ठेवून वैद्यकीय मदत घ्यावी. टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, तो विनामूल्य आणि चोवीस तास चालतो. बांबोळीला मनोविकार व मानवी वर्तन संस्था आहे. तिथे जाण्यात कमीपणा मानू नये. जीव द्यायचा विचार बोलून दाखवणाऱ्याला एकटे सोडू नये.

शेवटी कार्यशाळा भरवणाऱ्या पंचायती, महिला मंडळे आणि बँकांना एक सुचवावेसे वाटते. तीनशे माणसे आणि एक वक्ता याऐवजी वीस माणसे आणि चार टेबले ठेवा. येताना प्रत्येकाने एका महिन्याची बिले, पासबुक आणि आपल्या एका वस्तूचा नमुना आणायचा. पहिला तास त्या वस्तूचा खरा खर्च काढण्यात घालवा, अर्धा तास भाव सांगण्याचा आणि थकबाकी मागण्याचा सराव जोडीजोडीने करा, शेवटचा अर्धा तास पुढच्या सात दिवसांत करायच्या एकाच कामाला द्या, दिवस आणि वेळेसह. आठव्या दिवशी त्याच वीस जणांना पुन्हा बोलवा. ही दुसरी बैठक नसेल तर पहिली घेऊ नका. आणि कोणाची वही दुसऱ्याच्या हाती पडणार नाही याची काळजी घ्या. आपल्या गावांत आकडे फार लवकर फिरतात, आणि एकदा फिरले की पुढच्या वेळी कोणी खरे लिहीत नाही.

आपले,
एक हिशेबनीस आणि एक समुपदेशक,
फोंडा, गोवा